देवासची पत्रं वाचायला केंब्रिजला: नोकरी सांभाळून केलेल्या पीएच.डी.चा हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये माझा ओपन व्हायवा, म्हणजे पीएच.डी.ची जाहीर तोंडी परीक्षा, झाला आणि तेव्हापासून फोन सुरू झाले. बहुतेक फोन माझ्यासारख्याच, पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि रोज चार तास वर्गावर उभ्या राहणाऱ्या इंग्रजीच्या प्राध्यापकांचे. प्रश्न दोनच. परदेशातल्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, आपल्याला कोण आत घेतं? आणि खर्च किती आला? फोनवर सगळं सांगून होत नाही. एकाला व्हिसाचं सांगायचं राहतं, दुसऱ्याला सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: ज्या केंब्रिजमध्ये ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराची देवासहून लिहिलेली पत्रं आहेत, तिथला दरवाजा एका ईमेलवर उघडला. वेळ खाल्ला तो आपल्याकडच्या सही-शिक्क्यांनी.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते. एम.ए.ला विसाव्या शतकातलं ब्रिटिश आणि अमेरिकी साहित्य माझ्याकडे असतं. त्यात ई. एम. फॉर्स्टरची 'अ पॅसेज टु इंडिया' बरीच वर्षं लावलेली होती. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोकुळाष्टमीचा उत्सव आहे. प्राध्यापक नारायण गोडबोले देवासमोर उभे आहेत, नाकावरचा चष्मा जाईच्या हारात अडकलाय, आणि भजन चाललंय ते तुकारामाचं नाव घेऊन: तूच माझी आई, तूच बाप, तूच सगळे. हे शिकवत असताना वारकऱ्याच्या घरातल्या एका मुलीने मागच्या बाकावरून विचारलं, "मॅडम, हा साहेब देहूला आला होता का?"

देहूला नाही, देवासला आला होता. देवास म्हटलं की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात आणि माताजीची टेकडी. त्याच टेकडीवरून फॉर्स्टरने १९५३ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'द हिल ऑफ देवी' असं नाव दिलं. तेव्हाच्या देवासात एकाच गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही पवारांची. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याकडे फॉर्स्टर १९२१ मध्ये सहा महिने खाजगी सचिव होता. तुकोजीरावांच्या राणीसाहेब म्हणजे आमच्या शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब. म्हणजे कोल्हापुरात बसून इंग्रजी कादंबरी शिकवताना मी ज्या राजाबद्दल बोलत होते, तो या गावचा जावई होता, आणि हे मला इतकी वर्षं शिकवूनही कधी नीट जोडून दिसलं नव्हतं.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये फॉर्स्टर देवासच्या राजवाड्यात गोकुळाष्टमी बघत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कवी टी. एस. एलियट स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी उपचार घेत असताना 'द वेस्ट लँड' या दीर्घ कवितेचा शेवटचा भाग लिहीत होता, ज्यात बृहदारण्यक उपनिषदातला मेघगर्जनेचा 'द' येतो. एक इंग्रज, एक अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे १९२७ मध्ये ब्रिटिश नागरिक झालेला. एकाने उत्सव डोळ्यांनी पाहिला, दुसऱ्याने हार्वर्डला संस्कृत शिकून ग्रंथातून उचललं. माझा विषय तिथे ठरला: या दोघांच्या लेखनात भारतीय उपासना कुठल्या वाटेने शिरली आणि वाट वेगळी असल्याने काय बदललं.

आता प्रक्रिया. मी सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असल्यामुळे पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) द्यावी लागली नाही. ज्यांचं नेट किंवा सेट झालंय त्यांनी ही सवलत तपासून घ्यावी, उगाच फॉर्म भरू नये. खरी अडचण गाइडची, म्हणजे मार्गदर्शकाची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि इंग्रजीत जागा कायम भरलेल्या. मी २०१८ पासून विचारत होते. माझे गाइड झालेल्या सरांकडची जागा २०१९ च्या पावसाळ्यात रिकामी झाली. या काळात रिकामं बसू नका. मी वाचन सुरू ठेवलं आणि दहा पानांचा आराखडा तयार ठेवला, त्यामुळे जागा निघाल्याबरोबर अर्ज करता आला.

डिसेंबर २०१९ मध्ये समितीपुढे सादरीकरण झालं. पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "दोन लेखक कशाला? एकच घ्या, लवकर होईल." मी एका लिलावाची गोष्ट सांगितली. १९६० साली लंडन लायब्ररीला मदत म्हणून ख्रिस्टीजमध्ये लिलाव झाला. फॉर्स्टरने आपल्या कादंबरीचं हस्तलिखित दिलं, ते ६,५०० पौंडांना गेलं. एलियटकडे 'द वेस्ट लँड'चा मूळ खर्डा नव्हता, म्हणून त्याने ती अख्खी कविता पुन्हा हाताने लिहून दिली. तिला २,८०० पौंड आले. दोन्ही वह्या टेक्सास विद्यापीठाने घेतल्या. हे दोघे एकमेकांना ओळखत होते, फॉर्स्टरने एलियटवर निबंध लिहिलेला आहे. समितीतले एक सर हसून म्हणाले, "म्हणजे तुम्हाला टेक्सासलाही जायचंय?" विषय मंजूर झाला, शीर्षकातले तीन शब्द बदलून. समितीसमोर जाताना विषयाची थोरवी सांगण्यापेक्षा अशी एखादी पक्की, तपासता येणारी गोष्ट जवळ असलेली बरी.

कोर्सवर्क २०२० मध्ये सुरू झालं आणि लगेच टाळेबंदी आली. संशोधन पद्धती आणि संशोधनातली नीतिमत्ता हे पेपर मी स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून ऐकले. नंतरची तीन वर्षं म्हणजे सहा महिन्यांनी एक प्रगती अहवाल, गाइडची सही, आरएसी (संशोधन सल्लागार समिती), पुन्हा अहवाल. या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऑनलाइन तास, उत्तरपत्रिका, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) तयारी आणि रात्री नऊनंतर मिळेल तेवढं वाचन. स्त्रियांना पीएच.डी.च्या मुदतीत दोन वर्षं जादा मिळतात हे मला सरांनी नव्हे, एका मैत्रिणीने सांगितलं. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्यायचा असतो. तो मला शेवटी लागला नाही, पण तो पर्याय आहे एवढ्या माहितीनेही रात्री झोप लागायची.

याच काळात घरबसल्या जे मिळतं ते सगळं मी आधी संपवलं, आणि हा निर्णय बरोबर ठरला. एलियटसाठी मला परदेशी जावंच लागलं नाही. 'द वेस्ट लँड'चे मूळ खर्डे अमेरिकेत जॉन क्विन या वकिलाकडे गेले होते. ते पुढे न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत आले आणि १९७१ साली त्याची पत्नी व्हॅलरी एलियट हिच्या संपादनाखाली त्यांची छायाप्रत छापली गेली. ती प्रत आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, शेवटची नोंद कुणी केव्हा केली हे पुसट झालेलं. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंड याचा शेरा आहे की इथून पुढे ठीक वाटतंय. बाकी कवितेवर सपासप कात्री चालवणारा हा माणूस उपनिषदाच्या भागाला जवळजवळ हातच लावत नाही, हे प्रत्यक्ष पानावर बघताना माझ्या प्रकरणाचा अर्धा युक्तिवाद तयार झाला. एलियटने त्याची मैत्रीण एमिली हेल यांना लिहिलेली हजाराहून जास्त पत्रं प्रिन्स्टनमध्ये जानेवारी २०२० पर्यंत बंद होती. २०२३ पासून ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ज्यांचा विषय एलियट आहे त्यांनी आधी तिथे बसावं.

फॉर्स्टरच्या कादंबरीचे खर्डेही १९७८ मध्ये ऑलिव्हर स्टॅलीब्रास यांनी संपादित करून छापले आहेत, त्यामुळे टेक्सासला जाणं वाचलं. देवास संस्थानाच्या कागदपत्रांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ वापरलं. नोंदणी फुकट, बऱ्याच फायली स्कॅन केलेल्या. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही दिवाळीच्या सुट्टीत बसले. आक्कासाहेब आणि तुकोजीराव यांच्यातल्या बेबनावाबद्दल फॉर्स्टर लिहितो, त्याची इकडची बाजू मिळेल अशी आशा होती. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना पानामागे पैसे देऊन काही कागद लावून घेतले. थेट उपयोगाचं फारसं हाती लागलं नाही, पण संस्थानी दप्तर कसं चालायचं हे कळलं आणि खाजगी सचिव म्हणजे नेमकं काय काम असेल याचा अंदाज आला.

उरली ती फॉर्स्टरने देवासहून लिहिलेली मूळ पत्रं. फॉर्स्टर १९४६ पासून १९७० साली वारला तोवर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात राहिला आणि त्याचे कागद त्या कॉलेजच्या आर्काइव्ह सेंटरमध्ये आहेत. 'द हिल ऑफ देवी'च्या प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की पत्रं छापताना त्याने काटछाट केली आहे. मला ती काटछाट बघायची होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी आर्काइव्हला ईमेल केला. साध्या चार परिच्छेदांत: मी कोण, विषय काय, कोणते कागद बघायचेत, केव्हा येऊ शकते. कागदांचे क्रमांक 'आर्काइव्हसर्च' या केंब्रिजच्या ऑनलाइन सूचीतून आधीच काढून दिले होते. काही दिवसांत उत्तर आलं: या, वेळ ठरवून या, येताना ओळखपत्र आणा. शिफारस किंवा ओळखीचा माणूस लागला नाही, फीही नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं, कारण काहीतरी अट सुटली असेल असं वाटत होतं.

आता आमची बाजू. अनुदानित नोकरीत परदेशी जायला पूर्वपरवानगी लागते, सुट्टीत जायचं असलं तरी. सप्टेंबर २०२३ मध्ये मी अर्ज दिला: प्राचार्य, मग संस्थेचे सचिव, मग विद्यापीठ, मग पुढचं कार्यालय. एका टेबलावरून फाईल त्रुटी म्हणून परत आली, कारण खर्च कोण करणार याचं शपथपत्र नव्हतं. शंभराच्या स्टॅम्पवर ते करून दिलं. मग निवडणुकीच्या कामांची गडबड सुरू झाली आणि फाईल कुठल्या टेबलावर आहे हे सांगणाराच जागेवर नसायचा. परवानगी हातात आली मार्च २०२४ च्या शेवटी. ज्यांना जायचंय त्यांना दोन सूचना. अर्ज जिथे जिथे जाईल तिथला आवक क्रमांक त्याच दिवशी मागून घ्या आणि डायरीत लिहा. क्रमांक नसेल तर तुमची फाईल अस्तित्वातच नाही असं समजा. आणि सगळी पत्रं पहिल्यापासून इंग्रजीतही मागा. माझं संस्थेचं पत्र मराठीत होतं, व्हिसासाठी त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्यावं लागलं, त्याचे वेगळे पैसे.

पैशांचं. कुठलंही अनुदान मिळालं नाही. दोन ठिकाणी अर्ज केले होते, एकाचा नकार आला, दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. कर्मचारी पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढलं. यजमान म्हणाले, "लोक या वयात मुलांच्या शिक्षणाला कर्ज काढतात." मुलगा तिथेच बसला होता, तो म्हणाला, "मग माझ्या वेळी आईची पाळी नाही म्हणायचं." एवढ्यावर विषय मिटला, पण मला ते काही दिवस टोचत राहिलं. शेवटी खर्चाचा आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास गेला: विमान ६८ हजार, आठवड्याला साडेतीनशे पौंडांची खोली, बाकी जेवण, रेल्वे, विमा आणि व्हिसा. पौंड तेव्हा १०५-१०६ रुपयांना होता.

व्हिसा साधा स्टँडर्ड व्हिजिटर. तेव्हा फी ११५ पौंड होती, नंतर वाढली आहे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, फी भरायची आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरायचे. मी एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज केला. जोडलेले कागद: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, परवानगीपत्र, आर्काइव्हचा ईमेल, खोलीचं बुकिंग, पतसंस्थेचं कर्जमंजुरीचं पत्र आणि दीड पानी स्वतःचं पत्र. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली तर ती कुठून आली हे कागदाने दाखवावं लागतं, म्हणून पतसंस्थेचं पत्र महत्त्वाचं. स्वतःच्या पत्रात साहित्याबद्दल फार लिहू नका. मी परत येणार आहे, जून महिन्यात माझे तास सुरू होतात, नोकरी कायम आहे, हे त्यांना हवं असतं. तिकीट मी व्हिसा हातात येईपर्यंत काढलं नाही. त्यामुळे ते महाग पडलं, पण माझा जीव तेवढा मोठा नाही.

दरम्यान मे महिन्यात कॅपची, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती पेपर तपासणीची, ड्यूटी लागली. पेपर तपासणीतून सुटका होण्यासाठी समन्वयकांना भेटले, आधीच्या आठवड्यात दुप्पट गठ्ठे तपासून देते म्हणाले आणि दिले. मेच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून निघाले.

केंब्रिजला खोली मिल रोडच्या बाजूला घेतली होती. तिथे भारतीय किराणा मिळतो, तूरडाळ-तांदळाचा प्रश्न मिटतो. कॉलेजापर्यंत चालत जाता येतं. तेव्हा परीक्षांचा हंगाम असल्याने किंग्ज कॉलेजचा परिसर पर्यटकांना बंद होता आणि गेटवर तशी पाटी होती. ती पाटी वाचून पाय थबकले. पोर्टरला, म्हणजे गेटवरच्या माणसाला, नाव आणि कामाचं सांगितलं, त्याने यादी बघितली आणि वाट दाखवली. बस्स.

वाचनकक्षाचे नियम कुठल्याही मोठ्या संग्रहात असतात तसेच. बॅग, पाण्याची बाटली आणि पेन बाहेर. आत फक्त शिसपेन्सिल, वही आणि लॅपटॉप. कागद ठेवायला उतरता फोमचा आधार, पान उघडं राहावं म्हणून कापडी नळीत भरलेली बारीक वजनं. एका वेळी एक फोल्डर. तो परत दिला की दुसरा. आतली पानं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहिली पाहिजेत. फोटोंचे नियम प्रत्येक संग्रहात निराळे असतात, ते ईमेलवर आधी विचारून घ्या. मी महत्त्वाचं सगळं हाताने उतरवून घेतलं. वेळ जातो, पण उतरवताना वाचलं जातं. जून असला तरी आत गारवा असतो, स्वेटर न्या.

पहिल्या सकाळी समोर आलेलं पत्र मला वाचताच आलं नाही. अक्षर वेगात गेलेलं, ओळी दाटीच्या, कागद पातळ आणि मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली. इथे एक युक्ती कामाला आली, ती सगळ्यांना सांगते. ज्याचा छापील मजकूर आपल्याकडे आहे असं पत्र पहिल्यांदा मागायचं. छापील पान शेजारी ठेवून ओळीमागून ओळ लावायची आणि वहीत त्या माणसाच्या अक्षरांचा तक्ता करायचा: हा त्याचा टी, हा त्याचा जी, शब्दाच्या शेवटी अक्षरं अशी लांबतात. मी गोकुळाष्टमीचं पत्र घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत जेमतेम तीन पानं झाली. दुसऱ्या दिवसापासून तक्ता बघायची गरज कमी होत गेली.

या पत्रांमधून मला काय मिळालं? खळबळजनक काही नाही, आणि तसं अपेक्षितही नव्हतं. पत्रांमधली काटछाट आणि फॉर्स्टरने हयातीत न छापलेला देवासमधला अगदी खाजगी मजकूर १९८३ सालच्या एलिझाबेथ हाइन यांच्या संपादित आवृत्तीत बऱ्याच अंशी आलेला आहे. मला जे हवं होतं ते वेगळं होतं. उत्सव चालू असताना लिहिलेल्या पत्रांत हा माणूस कुरकुरतो. एकाच वेळी चार बाजूंनी वाद्यं, सजावट भडक, कशाला घाट (आकार) नाही, कशाला रुची नाही. महाराज देवासमोर नाचतात आणि याला कळत नाही की आता कुठे बघायचं. तुकारामाचं नाव पुन्हा पुन्हा ऐकून त्याला वाटतं की ही देवाची नाही, एका कवीचीच पूजा चाललीय. तीन वर्षांनी, १९२४ च्या कादंबरीत, हीच तक्रार त्याने कादंबरीचं बळ करून टाकली: तर्क आणि घाट यांचा पराभव होतो म्हणूनच तिथे काहीतरी घडतं.

आणि मी वाचलेल्या समीक्षेत या भागाला सर्रास 'गोंधळ' म्हटलेलं असतं. पण पानं उतरवताना माझ्या लक्षात येत गेलं की क्रम अगदी पक्का आहे. मध्यरात्री जन्म, मग पाळणा, मग दूधभाताचं मडकं फोडून काला, मग मातीचं गोकुळ मिरवत नेऊन तळ्यात सोडणं. ज्याच्या घरात उत्सव होतो त्याला यात गोंधळ दिसणार नाही. फॉर्स्टरला क्रम कळला नव्हता, पण त्याने तो न मोडता टिपून ठेवला. माझं चौथं प्रकरण एवढ्यावर उभं आहे. त्यातही सावध राहावं लागलं. तुकारामाच्या नावाबरोबर तिथे राधाकृष्णाचा गजरही आहे, जो वारकरी परंपरेचा नाही. देवास मराठ्यांचं असलं तरी माळव्यात आहे, तिथली भक्ती मिसळलेली आहे. सगळं ओढून पंढरपूरला नेलं असतं तर प्रकरण गोड झालं असतं आणि खोटं.

केंब्रिजमध्येच दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात माल्कम डार्लिंग यांचे कागद आहेत. हे गृहस्थ तुकोजीरावांचे शिक्षक होते आणि फॉर्स्टरला देवास दाखवणारेही तेच. तिथेही ईमेलवर वेळ मिळाली. दोन संग्रह एका गावात असले की प्रवासखर्च निम्मा होतो. योजना करताना हे आधी शोधा.

कॉलेज उघडायच्या आत परत आले. सहा महिने लेखन. डिसेंबर २०२४ मध्ये प्री-सबमिशन सादरीकरण झालं, मार्च २०२५ मध्ये प्रबंध जमा केला. मधला टप्पा साम्य तपासणीचा. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. माझा पहिला अहवाल त्याच्या वर आला, कारण माझाच आधी छापलेला लेख सॉफ्टवेअरने 'स्रोत' म्हणून पकडला होता. ग्रंथपालांनी अवतरणं, संदर्भसूची आणि माझा लेख वगळून पुन्हा तपासणी केली, गाइडच्या पत्रासह. ज्यांचे लेख आधी छापून आलेत त्यांनी हे पत्र तयारच ठेवावं.

मग नुसती वाट बघणं. बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल यायला उन्हाळा आणि पावसाळा गेला. परीक्षा विभागात चौकशीला गेलं की "एक आलाय, एक यायचाय" हेच उत्तर. या काळात मी चिडचिडी झाले होते, घरच्यांना विचारा. सप्टेंबरच्या शेवटी दुसरा अहवाल आला आणि तीन आठवड्यांत व्हायवा लागला. परीक्षकांनी राधाकृष्णाच्या गजराबद्दलच विचारलं, आणि एलियटला उपासनेचा प्रत्यक्ष अनुभव नसताना तुलना कशी टिकते हेही. पहिल्याचं उत्तर नीट देता आलं. दुसऱ्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

राहिली परवानगी, जी बहुतेक जण शेवटी आठवतात. प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, सगळ्यांना दिसतो, म्हणजे अप्रकाशित पत्रातला उतारा देणं हे प्रकाशनच. फॉर्स्टर १९७० साली वारला. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०४० अखेरपर्यंत. आपल्याकडे साठ वर्षं. हक्क किंग्ज कॉलेजकडे आहेत आणि कामकाज लंडनची 'सोसायटी ऑफ ऑथर्स' बघते. प्रत्येक उताऱ्याचा क्रमांक, शब्दसंख्या आणि तो प्रबंधात कुठे येतो याचा तक्ता करून मी पाठवला होता, प्रबंध जमा करायच्या तीन महिने आधी. परवानगीचं पत्र परिशिष्टात जोडलं. एलियटची अवतरणं मात्र हात आखडून वापरली, त्याचे ब्रिटनमधले हक्क २०३५ अखेरपर्यंत आहेत.

पतसंस्थेचे हप्ते अजून दीड वर्षं आहेत. पुढचं काम कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाईलचं. ती गेल्या सोमवारी दिली आणि आवक क्रमांक घेतला.